आईला ऐकू येणारी गाडी

मंडळी, आज दोन गाड्या चालवून पाहिल्या आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आधी ती महागडी, दणदणीत पिकअपवाली एसयूव्ही. लोणावळ्याहून थेट टाकव्याला घरी नेली. वळणावर इंजिनचा आवाज घुमला आणि दारात पोचतो तर आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. माझ्यावरून ओवाळत म्हणाली, "आलास व्हय रं सुरेश? लय दिस लावलंस."

सुरेश माझा थोरला भाऊ. टुरिस्ट गाडी चालवायचा, असाच दणदणीत आवाज करणारी. लांबच्या भाड्यावरून आला की आई त्याच्यावरून असाच तुकडा ओवाळून टाकायची. तो घाटात अपघातात गेला, त्याला आता काही वर्षं झाली.

आईने तुकडा लांब टाकला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेली.

दुपारी हायब्रिड आणली. अंगणात शिरली ती बॅटरीवरच. आई ओट्यावर पाठमोरी तांदूळ निवडत होती. तिला कळलंसुद्धा नाही.

बायको म्हणते, हायब्रिडच घ्या, ॲव्हरेज चांगलं आहे. बरोबर आहे तिचं.

पण तुम्हीच सांगा, रोज दारात सुरेश होऊन यायचं, की कुणाला न कळता मी म्हणून?