ओसोयूसचा तांबडा घोडा

कॅनडात वाळवंट आहे हे मला तिथल्या सरे शहरात राहायला आल्यावर कळलं. चार-पाच तास गाडी हाकली की ओसोयूसच्या आसपास उंच झाडं संपतात आणि वाळू, खुरटी झुडपं, सापांपासून सावध करणाऱ्या पाट्या सुरू होतात. तिथे घोड्यावरून फिरवतात, अगदी नवख्यांनाही. २०१६च्या उन्हाळ्यात आम्ही गेलो आणि माझं डोकं फिरलं. ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

पुण्यात कॉलेजात असताना मी तीन वर्षं घोडेस्वारी शिकले होते. पहाटे घोड्याला खरारा करायचा, खोगीर चढवायचं, मग मैदानावर चौखूर. लग्न, व्हिसा, मुलगी, ड्राइव्हवेवरचा बर्फ, या सगळ्यात ते सुटलं. आता मला फक्त एकदा, लगाम स्वतःच्या हातात धरून, घोडा पळवायचा होता. दुसरं काही नको होतं.

बुकिंग नवऱ्याने फोनवर केलं, आणि कुणाला किती येतं हेही परस्पर सांगून टाकलं. बायको फर्स्ट टाइम, मी इंटरमिजिएट! त्यामुळे तिथल्या गाइड बाईंनी माझ्यासमोर एक पेंगुळलेली म्हातारी घोडी आणली. तिच्या गळ्यात दोर आणि दोराचं टोक बाईंच्या हातात. नवऱ्याला मात्र उमदा तांबडा घोडा.

"इंटरमिजिएट? तू?"

"अगं, माथेरानला बसलोय की. आणि आपल्या वरातीत?"

वरातीत! बँडच्या मागून रखडत चाललेली भाड्याची घोडी, लगाम घोडेवाल्याच्या मुठीत आणि हा वर मुंडावळ्या सावरत, जीव मुठीत धरून बसलेला. माथेरानलाही तीच तऱ्हा. आमच्याकडच्या बहुतेक पुरुषांची घोडेस्वारी एवढीच, आणि ऐट मात्र अटकेपार झेंडा लावून आल्याची.

मी बाईंना सांगितलं, मला येतं, घोडे बदला. नवरा दातओठ खात पुटपुटला, "राहू दे ना. सगळ्यांसमोर सीन कशाला? पडलीस तर?"

मुलगी तिच्या तट्टावर केव्हाच बसली होती. ती म्हणाली, "डॅड, समवन एल्स वॉज होल्डिंग द हॉर्स. आय सॉ द वेडिंग व्हिडिओ."

बाईंना तेवढं पुरलं. त्यांनी घोडे बदलले. मी रिकिबीत पाय घातला आणि पाठ आपोआप ताठ झाली. वाळूचा सपाट पट्टा आल्यावर बाईंनी मला पुढे जायची खूण केली. आधी दुडकी, मग चौखूर. झुडपांचा कडवट वास नाकात गेला, मांड्या पेटल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं. मागून, दोराने बांधलेल्या घोडीवरून, नवरा ओरडत होता, "हळू! अगं, पडशील!" मी पडले नाही.

वाटलं होतं, आता राग उतरेल. छे! इतकी वर्षं हे अंगात होतं आणि शेजारी झोपणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता, म्हणून तो उलट वाढला.

परतीच्या वाटेवर स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो म्हणाला, "यू नेव्हर टोल्ड मी. सांगायचंस ना कधीतरी."

"सांगितलं होतं. मला बघायला आला होतास तेव्हा. काय काय आवडतं, असं तूच विचारलंस. मी सगळ्यात आधी हेच सांगितलं."

त्याला काही आठवेना. मला लख्ख आठवत होतं. मी सांगत होते आणि तो पोह्यांतल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला लावत होता.