चहातला पाव आणि पाचवी एकादशी

धाकट्या नणंदेचा मुदतीचा ताप उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. पंधरा वर्षांची पोर, भिंतीला धरून चालायची. पनवेलातल्या आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोज एक अंडं पोटात जाऊ द्या, नाहीतर पोर हातची जाईल." ह्यांनी मान डोलावली आणि आईला समजावायचं माझ्यावर टाकून मोकळे झाले. सासूबाई चातुर्मासात कांद्यालासुद्धा शिवत नसत. त्यांना मी काय समजावणार, कपाळ! लग्नाला माझ्या वर्षही झालं नव्हतं. न सांगताच द्यायचं ठरवलं.

पळस्प्याहून भाजी घेऊन येणारी बाई टोपलीत माठाच्या जुड्यांखाली अंडी लपवून आणायची. "वैनी, तुमी भिऊ नका, मी कुनाला सांगत नाय," असं इतक्या मोठ्यानं म्हणायची की मला धावत जाऊन दार लोटून घ्यावं लागायचं.

अंड्याच्या वासानं नणंद ओकायची. मग मला चहा सुचला. आलं, वेलची, दालचिनी आणि गवती चहा घालून घट्ट कोरा चहा उकळायचा. निवला की तो साखर-दुधाबरोबर अंड्यात फेटायचा, त्यात पाव बुडवायचा आणि मागच्या पडवीत वेगळ्या तव्यावर तुपात परतायचा. चहाच्या रंगात अंड्याचा रंग लपून जाई. आजाऱ्यानं पाव खाल्लेला सासूबाईंना चालायचा. कुणी पाहिलंच, तर चहात भिजवलेला पाव म्हणून निभावलं असतं. सकाळी त्या देवळात पोथीला गेल्या की माझी धांदल सुरू व्हायची, कान सगळे दाराकडे.

एकादशीला पोथीनंतर भजन असे, म्हणून त्या बारापर्यंत येत नसत. त्या एकादशीला आम्ही दोघी पडवीत निवांत बसलो. मीही एक तुकडा खाल्ला, खोटं कशाला बोलू? तो निवांतपणाच नडला. गप्पांच्या नादात अंड्यात बुडवलेली पळी मी पुन्हा चहाच्या पातेल्यात घातली, तीही दोनदा. लक्षात आलं तेव्हा म्हटलं, खाऊन झालं की देऊ ओतून. तेवढ्यात दार वाजलं. तवा आणि ताटली लपवली, पातेलं तसंच राहिलं. बुवांचा घसा बसला होता आणि भजन लवकर आटोपलं होतं.

"कोरा चहा उरलाय ना गं? डोकं चढलंय उपासानं," म्हणत सासूबाईंनी पातेलं स्वतःच चुलीवर ठेवलं.

"मी नवा टाकते," मी कसंबसं म्हटलं.

"कशाला नासाडी?"

त्यांनी दूध घातलं. उकळी आली आणि वर पांढरे धागे तरंगले. सांगावं तर अंडं बंद आणि माझी रवानगी माहेरी.

"दूध नासलं वाटतं," म्हणत त्यांनी चहा फडक्यातून गाळला आणि माझ्यासमोर घोट घोट प्यायला.

पेला खाली ठेवून त्या लेकीकडे बघत राहिल्या. "तोंडावर तेज आलंय बघ. हिच्यासाठी पाच एकादश्या बोलले होते देवाला. आजची पाचवी. पार पडली."

व्रत मी मोडलं होतं आणि फेडावं लागणार होतं त्या पोरीला. पुढचे कित्येक दिवस मी तिच्या कपाळाला हात लावून पाहत होते. ती नुसती शिंकली तरी काळजात धस्स व्हायचं.

पुढच्या एकादशीपासून मी कारण न सांगता पाच उपास धरले, तेही निर्जळी. सासूबाई शेजारणीला कौतुकानं सांगायच्या, "सून भाविक मिळाली हो!" ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या अडीच महिन्यांत अंडं एक दिवस चुकवलं नाही, एकादशीलासुद्धा नाही. देवाची भीती वाटायचीच, डॉक्टरांच्या बोलण्याची त्याहून जास्त. सासूबाई देवळाकडे वळल्या की मी आधी हात जोडून माफी मागायची आणि मग अंडं फोडायची.