तळमजल्यावरच्या काकांचं बुडापेस्ट

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. ते हसतानासुद्धा अर्धंच हसतात आणि उरलेलं दिवाळीसाठी ठेवतात. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं पालुपद एकच, "यात कापता काय येईल?"

काकूंना लग्न झाल्यापासून युरोप बघायचा होता. काकांनी अख्खा नकाशा पिळून त्यातल्या त्यात स्वस्त राजधानी काढली, बुडापेस्ट. मग कात्री चालू झाली. हॉटेलचा नाश्ता गेला, घरचं मेतकूट आलं. बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलली, तर तो सवयीने भाव सांगायला लागला आणि काका चक्क विचारात पडले. एका रविवारी त्यांनी काकूंना थेट कांजूरमार्गपर्यंत चालवत नेलं, का तर बुडापेस्टला ट्रामचे पैसे वाचवायची सवय हवी. तिथल्या डंपिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आला तशी काकूंनी नाकाला पदर लावला. काका म्हणाले, "बुडापेस्टचा नदीकाठ समज गं."

एवढं करूनही खर्च काही बजेटात बसेना. काका म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

काकू शांतपणे म्हणाल्या, "एक मोठा खर्च कापायचा राहिलाय."

"कुठला?"

"तुमचा. मी एकटी जाते."

काकांनी मनात हिशेब केला आणि त्यांचे डोळेच चमकले.

परवा काकूंची रिक्षा विमानतळाकडे निघाली. गेटपाशी काका मला म्हणाले, "काय रे, अर्ध्यात बसवली की नाही ट्रिप?" रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी त्यांचा हात हलतच होता.