लवूचे जर्मन कंडेन्सर

मी तोंडाचा फटकळ माणूस. सर्व्हे ऑफिसात साहेबाच्या तोंडावर ‘तुमचा नकाशा चुकलाय’ म्हणणारा कारकून मीच, आणि भजनात कुणी बेसूर गायला तर पेटी थांबवून त्याला खाली बसवणाराही मीच. वाडीतले लोक खरं ऐकायला माझ्याकडे येत आणि मला शिव्या घालत घरी जात. एवढ्या आयुष्यात एकदाच मी एका माणसाचं मन राखायला तोंडावर खोटं बोललो. तो माणूस म्हणजे लवू. आजही ती दुपार आठवली की स्वतःचंच थोबाड रंगवावंसं वाटतं.

लवू खारव्याचा, मच्छीमाराच्या घरातला, आमच्याच वाडीतला. मिऱ्याच्या रस्त्याला समुद्राच्या अंगाचं चौथं घर त्याचं. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी शिकलो आणि तो बापाच्या नौकेवर गेला. तेव्हा नौकांना नुकत्या डिझेलच्या मशीनी बसायला लागल्या होत्या. नऊ वर्षं लवू त्या मशीनीशेजारी बसला, तिथंच जेवला, तिथंच आडवा झाला. नुसती ऐकून तो सांगे, “आज हिचा घसा बसलाय,” आणि खरोखर कुठंतरी नळी चोंदलेली निघे. एकदा नौकेवरचा रेडिओ बंद पडला. त्यानं तो उघडला, चालू केला, आणि गडी त्या नादाला लागला तो लागलाच. पुढं घराच्या पडवीत त्यानं दुकान मांडलं. रेडिओ, टेप, मंडळांचे लाउडस्पीकर, काय वाटेल ते आणा. बंदरावर कुणाची मशीन अडली की तिथंही त्यालाच हाक जाई.

पण त्याचा जीव होता तो त्यानं स्वतः बांधलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये. फणसाच्या फळ्यांचं खोकं, आत मुंबईहून मागवलेले सुटे भाग, सगळी जोडणी हातची. १९८० साली त्यावर त्यानं मला आमच्याच भजनाची टेप ऐकवली. माझ्या पेटीचा भाता श्वास घेतो तोही ऐकू आला. मी गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो ही वाडीत दोन दिवस बातमी होती.

वर्षभरानं लवू कुरकुरायला लागला. आवाज मंद झाला म्हणे.

“वरचा, बारीक आवाज गेला, आप्पा. झांज ऐक. ओल्या फडक्यात गुंडाळून वाजवल्यासारखी वाटते.”

मी ऐकलं. झांज होती तश्शी होती. तसं मी सांगितलं.

“तुझे कान सरकारी,” तो म्हणाला.

त्यानं सगळा दोष ठेवला कंडेन्सरवर. कंडेन्सर म्हणजे भुईमुगाच्या शेंगेएवढी वस्तू, दोन बाजूंनी दोन तारा. ॲम्प्लिफायरच्या एका टप्प्यातला आवाज पुढच्या टप्प्यात जातो तो तिच्यातून. लवूचं म्हणणं असं, की देशी कंडेन्सर वाटेतच आवाजावरची साय खातो. चांगला, परदेशी, भारीतला घातला की साय जिथल्या तिथं. नशीब असं की त्याचा मेहुणा भिवा मालवाहू बोटीवर खलाशी होता. लोकांचे मेहुणे अत्तरं आणत, कॅमेरे आणत. भिवा बिचारा हॅम्बुर्गला लवूची चिठ्ठी दुकानादुकानांतून दाखवत हिंडे आणि पुठ्ठ्याच्या डबीत कापसावर निजवलेले पिवळे जर्मन कंडेन्सर घेऊन येई.

“माझ्या भावानं सगळी दुनया बघितली,” विमला, लवूची बायको, मला म्हणाली, “आणि बहिणीला आणला काय, तर कापूस.”

नवा कंडेन्सर लागला की लवू दोन दिवस उड्या मारी. रस्त्यानं जाणाऱ्याला ओढून आत बसवी. “बघ, झांज कशी सुटी झाली!” तिसऱ्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला. मंद वाटतंय. पुन्हा ॲम्प्लिफायर उघडायचा, पुन्हा सोल्डरचा धूर, पुन्हा भिवाला पत्र. असं सात वेळा झालं. मी पेटीवाला माणूस, माझा कान सुराला चुकत नाही. मला विचाराल तर सातही वेळा काडीचा फरक नव्हता. जी गोडी त्याला दोन दिवस लागत होती ती त्या डबीतल्या कापसाची होती, वाट बघण्याची होती.

दरम्यान त्यानं दुरुस्त केलेले रेडिओ परत यायला लागले. आत बारीक शीळ वाजते, लोक म्हणत. लवू कान लावून ऐकायचा आणि भडकायचा, “कुठं हाय शीळ? शीळ तुझ्या डोक्यात हाय!” माणसं वाद घालत नव्हती. रेडिओ उचलून मारुती मंदिराकडच्या दुसऱ्या दुकानात नेत होती. शीळ तर होतीच. मला दारातून ऐकू यायची.

विमलानं मला एकदा नळावर गाठलं. हातात कळशी, डोळ्यांत पाणी.

“भावोजी, ह्यांना कुकरची शिटी ऐकू येत नाय. मी पाठीमागनं हाक मारते, वळत नायत. आता मी हाकच मारत नाय, जाऊन खांद्याला हात लावते.”

तिनं गावातल्या डॉक्टरांना परस्पर विचारलं होतं. ते म्हणाले, हे मशीनीच्या आवाजानं झालं असणार. गेलेलं परत यायचं नाही, पण उरलेलं जपता येईल. मशीनीजवळ जाणं आजपासून बंद, आणि कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांना दाखवा, लवकर दाखवा. हे तिनं लवूला सांगितलं तेव्हा तो हसला होता. “कोल्हापूर कशाला? हॅम्बुर्गहून येतोय ना इलाज!”

“तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “तुमचंच ते मानतील. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाय.”

मी हो म्हणालो. दुसऱ्या कुणाला जमलं नाही तरी आपण त्याला नक्की सांगू असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं.

१९८४चे गणपती जाऊन आठवडा झाला असेल. लवूनं मला भर दुपारी बोलावून घेतलं. टेबलावर ॲम्प्लिफायर उघडा, आणि त्याला त्यानं एक बटण जोडलं होतं. बटण इकडे केलं की आवाज देशी कंडेन्सरमधून जाणार, तिकडे केलं की जर्मन. लवू भिंतीकडे तोंड करून बसणार, मी माझ्या मर्जीनं बटण फिरवणार, आणि तो नुसत्या कानानं कुठला ते सांगणार. दहा वेळा.

“लोकं म्हणतात कंडेन्सरनं फरक पडत नाय. विमला म्हणते माझे कान गेले,” तो म्हणाला. “दोघांचा निकाल आज लावूया. तू खोटं बोलत नायस, आप्पा. म्हणून तुला बोलावलं.”

आवाजाचं बटण त्यानं स्वतः लावलं, इतकं मोठं की खिडकीचं तावदान थरथरत होतं. मग तो वळून बसला. मी कागद घेतला. बटण फिरवायचं, त्याचं उत्तर ऐकायचं, बरोबर असेल तर खूण करायची. तो डोळे मिटून, मुठी आवळून बसला होता. मानेवर घाम. प्रत्येक वेळी तो अगदी ठाम. “जर्मन! हा जर्मनच!” दहा झाली. मी खुणा मोजल्या. चार. नाणं फेकून बघितलं असतं तरी पाच आले असते.

तो वळला. मला त्याचा चेहरा सांगता येत नाही. चाळीस वर्षांचा बाप्या माणूस, सातवीचा निकाल लागताना हेडमास्तरांच्या टेबलाशी उभा होता तस्सा माझ्याकडे बघत होता.

“किती?”

मी फटकळ. मी कुणाची भीड न ठेवणारा.

“दहा,” मी म्हणालो.

“दहाच्या दहा?”

“दहाच्या दहा.”

त्यानं मला मिठी मारली. कागद मी मुठीत चुरगळून खिशात कोंबला. विमला आतल्या दारात उभी होती. ती माझ्या तोंडाकडे एकदाच बघून आत गेली, आणि तिनं चहा आणला तो माझ्यासमोर आदळला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही.

कोल्हापूर संपलं. “ज्याचे दहाच्या दहा येतात त्याला कानाचा डॉक्टर काय सांगणार?” असं तो वाडीभर सांगत सुटला, वर माझं नाव लावून. आणि दुकान रिकामं पडलं म्हणून त्या हंगामात तो पुन्हा एका ट्रॉलरच्या मशीनीवर चढला. सप्टेंबर ते मे. रोज पहाटे मी त्याला बंदराकडे जाताना खिडकीतून बघायचो. एक हाक मारायची होती. रस्त्यात गाठून दोन वाक्यं बोलायची होती. मी रोज ठरवलं आणि रोज ऑफिसला गेलो.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला धक्क्यावर कार्यक्रम होता. दुपारी भजन, मग गावकरांचं गाऱ्हाणं, मग दर्याला नारळ. लवू स्वतः मोरूतात्यांकडे गेला. मोरूतात्या आमचे गावकर, देवापुढं वाडीच्या वतीनं बोलण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. लवू म्हणाला, आवाजाचं माझ्या मशीनवर होऊ दे. तात्यांनी मला विचारलं, “त्याचे कान बरे हायत ना रे?” मी हो अशी मान हलवली. तोंडानं पुन्हा खोटं बोललो नाही, एवढंच स्वतःला सांगण्यासारखं राहिलं.

भजन पार पडलं. मग तात्या माइकसमोर उभे राहिले. सगळी वाडी हात जोडून उभी, बायका एका बाजूला, नौकांवर पताका.

“बा देवा महाराजा!”

“व्हय महाराजा!” वाडी ओरडली.

“आज तुझी लेकरं तुला नारळ देतायत…”

“व्हय महाराजा!”

तेवढ्यात स्पीकर शिट्टी मारायला लागला. माइक आणि भोंगा समोरासमोर आले की होतं तसं. आधी बारीक, मग कानात खिळा ठोकल्यासारखी. पोरं रडायला लागली. बायकांनी कान दाबून घेतले. कुणाही मशीनवाल्यानं झटकन आवाज खाली केला असता. लवू मशीनशी हात जोडून, देवाकडे बघत उभा. त्याला काहीही कळत नव्हतं. उलट तात्यांचे ओठ हलतायत आणि लोक मशीनकडे सरसावतायत ते आवाज कमी पडतोय म्हणून, असं वाटून त्यानं आवाजाचं बटण आणखी वर केलं.

तात्या त्याच्याकडे वळले. गळ्याच्या शिरा ताणून ते ओरडले, “बंद कर, लवू! बंद कर ता!” दोनशे माणसं त्याच्याकडे बघून ओरडली, “बंद कर!”

लवूनं तात्यांना ओरडताना बघितलं. वाडीला एका तोंडानं ओरडताना बघितलं. जन्मभर गाऱ्हाण्याला उभा राहिलेला माणूस तो. त्यानं हात कपाळाला लावले आणि सगळ्या जोरानिशी उत्तर दिलं,

“व्हय महाराजा!”

कुणीतरी वायर खेचली. शिट्टी थांबली आणि लोक हसले. देवासमोर, नारळ हातात असताना हसले. मला एकेकाच्या कानफटात द्यावीशी वाटली, पण पहिली मलाच बसायला हवी होती. लवू हसणाऱ्यांकडे बघत राहिला. मग त्यानं मशीनवरचं बटण बघितलं. मग त्यानं गर्दीत मला शोधलं.

चार दिवस त्यानं दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी दुपारी मला निरोप आला. गेलो. टेबलावर तोच ॲम्प्लिफायर, तेच बटण. तो खंगला होता, दाढी वाढलेली.

“परत करूया, आप्पा,” तो म्हणाला. आता तो फार मोठ्यानं बोलायचा. “गेल्या वेळी मी आवाज चढवून ठेवलेला. ता बरोबर नाय. आज तू लाव. चार माणसं घरात ऐकतात तेवढाच लाव. आणि किती आले ता खरं सांग. चार आले तर चार सांग.”

चार. त्यानं कुठून काढला तो आकडा कोण जाणे.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी आवाज बेताचा लावला, आम्ही पडवीत बसून ऐकायचो तेवढा, आणि टेप सुरू केली. आमचंच भजन. पेटी आली, मृदंग आला, झांज आली. बटण मी जर्मनकडे केलं. तो डोळे मिटून, मुठी आवळून बसला होता, गेल्या वर्षीसारखाच. मी त्याच्या उत्तराची वाट बघितली. पहिला अभंग निम्मा झाला. विचार करतोय, मला वाटलं. मग मला राहवेना. त्याच्या पाठीशी, माझ्या नेहमीच्या आवाजात, वर्षभर तोंडात धरलेलं मी बोलून टाकलं.

“लवू, त्या दिवशी चारच बरोबर होते. मी खोटं बोललो. मला माफ कर.”

आतून विमला दारात येऊन उभी राहिली. तिनं ऐकलं होतं. तिनं तोंडावर पदर धरला.

लवूनं मान वळवली नाही. नुसता हात वर केला, घाई करावी तसा.

“किती वेळ लावतंस, आप्पा? लाव की टेप.”