बारा फोटो, बारा पाठी

गेल्या शुक्रवारी हुफूफला गेले होते. चार दिवस झाले, अजून आठवलं की धडधडतं... म्हणून लिहितेय.

आमच्या रियाधच्या फोटो ग्रुपचं छोटंसं प्रदर्शन आहे. मी विषय घेतला, हुफूफच्या एका जुन्या मोहल्ल्यातल्या काळ्या सौदी कुटुंबांचं रोजचं जगणं. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच माणसं, पण फोटोंत कुठे दिसतच नाहीत.

विषय घेतला खरा, पण मी मुलखाची भित्री! इथे न विचारता कुणाचा चेहरा टिपला तर केस होऊ शकते. मग नवऱ्याची नोकरी, आमचा इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, लेकीची दहावी... सगळंच खलास. आणि हे महाशय गाडीतून सारखे, "अगं यल्ला, चल, बास झालं आता!"

मग मी शक्कल लढवली. सगळ्यांना पाठमोरंच टिपायचं, म्हणजे भानगडच नको.

एक आजोबा दारात बसून डफ निखाऱ्यावर शेकत होते, कातडं ताठ व्हावं म्हणून. त्यांचीही पाठ टिपली... आणि ते वळले. हात करून मला बोलावलं.

 गाडीकडे पळावंसं वाटलं, पण गेले. त्यांनी कॅमेरा मागितला, मी दिला.

ते एकेक फोटो बघत गेले. तरुणपणी बंदरावर आपल्या लोकांबरोबर काम केलेलं, त्यामुळे हिंदी येत होतं. "बारा फोटो, सबका पीठ," ते म्हणाले. "हमारा मुँह नहीं है क्या?"

"डर लगता है, बाबा..." मी म्हटलं.

"तो पूछो ना!"

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, डफ मांडीवर घेतला आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं.

गाडीत बसल्यावर मला रडूच फुटलं. खरं सांगू? केसची भीती होतीच. पण आजोबांनी बोलावलं तेव्हा बोबडी वळली ती त्यांच्या रंगामुळे. सकाळी खजुराच्या बाजारात एका गोऱ्या सौदी आजोबांनी असंच बोलावलं होतं, तेव्हा मी हसत गेले होते... लाज वाटली स्वतःची.

आजोबांचा फोटो जरा हललाय, माझे हात कापत होते ना. तरी प्रदर्शनात तोच एक लावणार आहे.

त्यांना विचारलंय. हो म्हणालेत.