सूर्यास्ताआधीची सर्दी

खानदेशातल्या नरडाण्याच्या चंपालाल शेठच्या बोलण्यात, गिऱ्हाइकांची नक्कल करायच्या सवयीने, निम्मं वाक्य नाकातून येतं. "सर्दीच हाय ना भाऊ, कॅन्सर थोडीच हाय?" असं म्हणत ते आपल्या किराणा दुकानात लटकवलेल्या पट्टीतली नारिंगी गोळी कुणालाही तोडून देतात. सुकदेव आबा पार चोंदलेलं नाक घेऊन कण्हत आले, "शेठ, नाक बठ्ठं बंद शे," की शेठही नाक चिमटीत धरून त्याच सुरात "बठ्ठं बंद शे" म्हणणार आणि मगच गोळी देणार.

शेठना स्वतःला बीपी आहे. त्याची गोळी ते रोज सकाळी नेमाने घेतात. तितकाच पक्का नेम चौविहाराचा. सूर्य मावळला की अन्न नाही, औषध नाही, पाण्याचा घोटही नाही.

डिसेंबरात सर्दीने शेठनाच धरलं. शिंक कसली, दुकानाचं शटर आदळल्यासारखा आवाज. त्यांच्या पत्नी झमकूबाईंनी दुकानातलंच काय काय वरच्या घरात आणलं. नारिंगी गोळी, खोकल्याचं लाल गोड औषध आणि गरम पाण्यात ढवळायची लिंबाच्या चवीची पुडी. पुडीला त्या औषध मानायलाच तयार नव्हत्या, त्यांच्या मते ते सरबत. रात्रीचा डोस रात्री देता येत नाही, म्हणून संध्याकाळच्या जेवणावर तोही त्या देऊन टाकायच्या. उजेड आहे तोवर सगळं पोटात गेलं पाहिजे, एवढाच हिशोब.

एका संध्याकाळी जेवून सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसलेल्या शेठची मान ठणकू लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नात रुचीने रिक्षा बोलावली आणि आजी-आजोबांना घेऊन निघताना तिन्ही औषधं पिशवीत टाकली.

गावातल्या डॉक्टरांचं प्रत्येक वाक्य 'ओके' म्हणून संपतं. "काका, हात सैल सोडा, ओके." बीपी मोजल्यावर मात्र त्यांचं ओके बंद झालं. त्यांनी वेष्टनांवरची बारीक अक्षरं वाचली. नाक मोकळं करणारं औषध तिन्हीत होतं, आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. बीपीवाल्याने ते एकही विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. शेठच्या अंगात ते तीन वाटांनी गेलं होतं.

"सरबतात पण?" झमकूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी बीपी उतरवायची गोळी आणि पाणी पुढे केलं. बाहेर दिवे लागले होते. शेठनी ओठ मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, अर्धांग होईल. शेठनी नुसती नकारार्थी मान हलवली. रुची रडकुंडीला आली.

झमकूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"नेमाचं पच्चक्खाण रोज तुम्हीच म्हणता. त्यात आजाऱ्याला सूट आहे की नाही?"

शेठनी बाहेरच्या दिव्यांकडे पाहिलं.

"आहे ना?"

"आहे. पण मी कधी घेतली नाही."

"मग आज घ्या. मला असं घाबरवू नका."

शेठनी गोळी गिळली. त्या रात्री बीपी हळूहळू उतरलं.

सकाळी शेठ म्हणाले, नेम मोडला, आज प्रायश्चित्ताचा उपवास. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, उपाशी राहायचं नाही आणि गोळी चुकवायची नाही. झमकूबाईंनी मुगाची खिचडी त्यांच्यापुढे सरकवली.

"औषधं मी दिली. उपवास माझा."

शेठनी ताट जवळ ओढलं. मग खाली मान घालून ते खाऊ लागले. झमकूबाई समोरच बसल्या होत्या, त्यांच्या प्रत्येक घासावर नजर ठेवून.