रिकामा केलेला हौद

घरमालकांनी मोटर लावली आणि हौदातलं सगळं पाणी नालीत सोडलं. माझ्या मायच्या डोळ्यांदेखत. तिच्या हातात अजून बादली होती.

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं. आदल्या दिवशीच आलं होतं. हौद काठोकाठ भरलेला. मायनं झाकण उचलून एक बादली बुडवली. एवढंच.

"तुमच्या गावात चालत असेल हे. इथं हात लावायचा नाही," मालक ओरडले. वरचे भाडेकरू गॅलरीत येऊन बघत होते.

मी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत माल तपासायला आहे. गाव पाचोडकडचं. शहरात चार घरं बघितली. आडनाव सांगितलं की खोली 'कालच गेली' व्हायची. या मालकांनी आडनाव विचारलंच नाय. कंपनीचं नाव ऐकलं, चावी दिली. सामान लावताना माय म्हणली, "आज ना उद्या इचारतील गं."

मालकांना कळलं ते गॅसपायी. जोडणीला घरमालकाचं संमतीपत्र लागतं. मी फॉर्म पुढं केला. मालकांनी चष्मा लावला. त्यांचं बोट माझ्या आडनावापाशी थांबलं.

"म्हणजे तुम्ही..." फॉर्म सही न करता परत दिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर आमचा नळ कोरडा. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या खोलीकडं येणारं पाणी बंद केलेलं. विचारायला खाली गेले. दारापर्यंत. बेल न वाजवताच परत आले. खोली गेली तर मायला घेऊन कुठं जाऊ? मग कंपनीतून बाटल्या भरून आणायला लागले. आंघोळ नाय. जिन्यात आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन चढायचे. चोरासारखी. रविवारी मायचा धीर सुटला, अन् ती बादली घेऊन हौदाकडं गेली.

हौद रिकामा झाला. मालक मायकडं बोट करून म्हणाले, "आता हिला आत उतरून घासू दे. मग बघू, तुम्हाला ठेवायचं का ते."

पाण्याला आमचा हात चालत नव्हता. घासायला चालत होता.

मायनं पदर खोचला. माझी खोली राहावी म्हणून ती उतरणार होती. मी तिचं मनगट धरलं.

"नाय उतरायचं." परत बोलले, मोठ्यानं. "माय, नाय उतरायचं!"

"मग सामान काढा. आजच्या आज."

"काढत नाय. पोलीस ठाण्यात चाललो आम्ही."

ठाण्यातले साहेब दोनदा म्हणाले, "ताई, मिटवून घ्या. तुम्हाला राहायचंय तिथंच."

माय बाकड्यावर तोंडाला पदर लावून बसलेली.

"राहायचंय," मी म्हणले, "म्हणूनच लिहा."

त्यांनी तक्रार लिहून घेतली. मी ओळ न् ओळ वाचली, मग सही केली.

त्याच खोलीत राहतो आम्ही. तक्रारीनंतर नळाचं पाणीबी सुरू झालं. दारावर कुणी थाप मारली की अजून आधी खिडकीतून बघते. परवा मालकीणबाई वर आल्या. म्हणाल्या, "ते माफी मागतील. इथं, घरात. तक्रार तेवढी मागं घ्या."

मी दारातच उभी होते. त्यांना आत घेतलं नाय.

"अपमान चारचौघांत केला," मी म्हणले. "आता जे बोलायचं ते कोर्टात बोला."